कामठ्याचा बांबू: झाड की गवत?

बांबूच्या धनुष्याची पाठ सुटते तेव्हा आधी आवाज येतो, सुकी काटकी मोडल्यासारखा. माझ्या मुलीच्या धनुष्याचा आवाज झाला तो मुठीच्या वर, दुसऱ्या गाठीजवळ. बोटभर लांबीची चिपळी उठून आली होती. ठाण्यालगतच्या येऊरच्या एका पाड्यावर कामठे, म्हणजे एका दांड्याची धनुष्यं, करणारे एक बाबा आहेत, त्यांच्याकडे ते घेऊन गेलो. त्यांनी चिपळी अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारलं, "कंदी तोडलेला हा?" मला सांगता येईना. ठाण्यातल्या वखारीतून आणलेला बांबू होता, परांचीला बांधतात तसला.

हा प्रश्न कारागिरीचा मूळ प्रश्न आहे. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला पोखरणारा भुंगा लागतो आणि आतून भुसा पडू लागतो. म्हणून तीन-एक वर्षांचा, भरीव अंगाचा मानवेल जातीचा बांबू थंडीत तोडायचा, जमलं तर अमावास्येच्या आसपास, आणि सावलीत किंवा चुलीच्या धुरावर सुकवायचा. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. तो ताण सोसते बांबूची साल, म्हणून पाठीला हत्यार लावायचं नाही; तासायचं ते पोटाकडून, आतल्या बाजूने. आधी कोयता, शेवटी काचेचा फुटका तुकडा. दोरी चढवून थोडं ओढायचं, कुठे वाकत नाही ते पाहायचं, तिथेच खरवडायचं. एका बाजूला हात जरा जास्त चालला तर दुसरी बाजूही पातळ करावी लागते, आणि धनुष्याचा जोर उतरतो.

कामठा, कमान, धनुष्य हे तीन शब्द एकाच वस्तूचे वाटतात, पण त्यांची घरं वेगळी. धनुष्य पोथीतलं. कमान फारसीतून आली आणि मराठीत आता दारावरच उरली आहे. फौजांतली कमान शिंग, स्नायू आणि सरस जोडून केलेली असे. सरस दमट हवेत ढिला पडतो, त्यामुळे कोकणच्या पावसात ती जपणं जिकिरीचं. जंगलात राहणाऱ्याला एका दांड्याचा कामठाच सोयीचा. बांबू नसेल तिथे धामणीचं लाकूड चालतं. संस्कृतात या झाडाचं नावच धन्वन आहे. भिल्लांसारख्या समाजांत तर दोरीसुद्धा बांबूच्याच चिपेची करतात.

खरा गुंता सुरू होतो जंगल राखीव झाल्यावर. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात इतक्या तक्रारी झाल्या, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे १९२७ च्या वन कायद्यात 'झाड' या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात ताड-माडांच्या जातींबरोबर बांबूही बसवलेला होता. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. पण कायद्याने झाड ठरवल्यामुळे बहुतेक ठिकाणी स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला आणि वाहून न्यायलाही परवाना लागू लागला. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला याचा जितका फटका बसला तितकाच कामठेवाल्यालाही. त्याला वर्षाला दहा-बारा दांडे पुरतात, पण ते त्यानेच बांबूच्या उभ्या बेटात हात फिरवून निवडलेले हवे असतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचं स्पष्ट नाव घेऊन तो गौण वनउपज, म्हणजे इमारती लाकडाव्यतिरिक्तचं जंगलातलं उत्पन्न, ठरवला. म्हणजे केंद्राचेच दोन कायदे एका रोपाला दोन नावांनी ओळखत होते. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा वनहक्क कायद्यातलं नाव प्रत्यक्षात चाललं. १९२७ च्या कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू निघायला मात्र २३ नोव्हेंबर २०१७ चा अध्यादेश यावा लागला. तेव्हा 'बांबू मुक्त झाला' असं सगळीकडे म्हटलं गेलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. बांधावरचा, परसातला बांबू मोकळा झाला. पण जंगलात उगवलेलं गवतही कायद्याने वनोपजच असतं, त्यामुळे झाडाचं गवत झालं तरी जंगलातल्या बांबूवरची नजर हटली नाही. धामणीला तर या दुरुस्तीने काहीच दिलं नाही, ती झाडच.

येऊरचं प्रकरण आणखी अवघड. तिथलं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा उद्यानातून वनोपज नेऊ देत नाही. वनहक्क कायदा मात्र राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. ज्याचा हक्क मान्य होऊन कागद हातात आला तो एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. वन्यजीव कायद्यातली शिकारीवरची बंदी योग्यच आहे, ती परत उठू नये. पण शिकार थांबवताना कामठ्याचा दांडाही बंद करायची गरज नव्हती.

दरम्यान कामठ्याला मैदानावर जागा मिळाली. १९७२ मध्ये तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली, पुढच्याच वर्षी देशात तिची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि बांबूच्या धनुष्यावर खेळायचा 'इंडियन राउंड' स्पर्धांत आला: ३० आणि ५० मीटर. ऑलिम्पिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्याचं चांगलं साहित्य लाखाच्या घरात जातं, म्हणून बरीच मुलं बांबूवरच सुरुवात करतात. त्यांच्या हातात वखारीचाच बांबू येतो आणि तो कधी, कुठे तोडला हे कुणालाच ठाऊक नसतं.

बाबांनी चिपळीखाली सुरीच्या टोकाने सरस सारला, सुती दोऱ्याचे वेढे घट्ट, एकाला एक लावून दिले, दोन दिवस हात लावू नका म्हणाले. पोटाकडे आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या असत्या तर घेतलंच नसतं, तो भाग दबून मेलेला असतो. निघताना मुलीला दोनदा बजावलं, बाण न लावता दोरी सोडायची नाही, आणि खेळ संपला की दोरी उतरवून ठेवायची.

नवा दांडा शहापूरच्या एका मित्राने बांधावरून दिला, मार्गशीर्षात तोडलेला. तो बाबांच्या चुलीवर टांगलाय. होळीच्या आत त्याला कोयता लागणार नाही.