कमी थरथरणारी मशीन: पत्रकातल्या आकड्याची पार्श्वभूमी

विदर्भातल्या गावात घरकुलाचं काम निघालं, की कॉलमला भोकं पाडायला तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडून ड्रिल मशीन भाड्याने येते. भाडं दिवसाचं आणि विजेचा भरवसा नाही, म्हणून लाइन आहे तोवर ती हातातून सुटत नाही. कोणती मशीन हाताला कमी जाच देईल, हे डब्यातल्या पत्रकात एका आकड्यात छापलेलं असतं: मुठीच्या थरथरीचा जोर, मीटर प्रति सेकंद वर्गात. तो आकडा सहसा कुणी वाचत नाही, आणि वाचला तरी तो वाटतो तेवढा सरळ नाही.

जुना काळ थोडक्यात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांमुळे खाणकामगारांच्या बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो, ही नोंद इटलीत १९११ मध्ये झाली. १९१८ मध्ये अमेरिकेत, इंडियानातल्या चुनखडीच्या खाणींवर दगड घडवणाऱ्यांची तपासणी झाली. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडत. म्हणजे दोष कुठे आहे ते तेव्हाच कळलं होतं. तरीही ब्रिटनमध्ये हा भरपाईयोग्य व्यावसायिक आजार ठरायला १९८५ उजाडलं. मधल्या काळात, १९६० च्या दशकात, लाकूडतोडीच्या चेनसॉमध्ये इंजिन आणि मुठी यांच्यात रबर आलं.

आकड्याचा खरा घोळ हाताला बसणारं कंपन मोजायच्या १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. सगळी कंपनं सारखी धरायची नाहीत, असं त्यात ठरलं. सेकंदाला ८ ते १६ वेळा होणाऱ्या संथ थरथरीला हिशेबात जवळपास पूर्ण वजन, त्यापुढे वेग वाढेल तसं वजन कमी. मिनिटाला ४,००० ठोके देणाऱ्या हॅमर मशीनचं कंपन त्यामुळे साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या ग्राइंडरचं तर दहाव्या हिश्श्याहूनही खाली. या उतरत्या रेषेचा आधार होता माणसाला कंपन किती जाणवतं याचे प्रयोग. बोटातल्या रक्तवाहिन्या किती बिघडतात, हा नव्हे. संशोधकांचा आक्षेप जुना आहे, पण २००१ च्या सुधारणेतही रेषा जागची हलली नाही. ग्राइंडरचा छोटा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

२००१ मध्ये दुसरं काही मात्र बदललं. आधी सर्वांत जोरकस अशा एकाच दिशेचं कंपन धरत, आता तिन्ही दिशांचं मिळून. उत्पादकांच्या पत्रकांत हा बदल आणखी काही वर्षांनी उतरला. सेकंड हँड मशीनच्या जुन्या पत्रकातला आकडा लहान दिसतो, त्यामागे कधी कधी एवढंच कारण असतं.

२००२ मध्ये युरोपने आठ तासांच्या सरासरीवर मर्यादा घातल्या: २.५ ला उपाय सुरू करा, ५ च्या वर जाऊ नका. हिशेब वर्गाचा आहे, म्हणजे आकडा दुप्पट झाला की वेळ चौथाई. ५ ची मशीन दोन तासांत २.५ ची पातळी गाठते, १० ची अर्ध्याच तासात. पण या मर्यादा कामगारांसाठी; स्वतःच्या घराची भिंत फोडणाऱ्याला आपल्याकडचा कामगार सुरक्षेचा कायदाही विचारत नाही.

या आजाराची जुनी वर्णनं थंड मुलखातली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पांढरं बोट दिसणार कुठून? उष्ण प्रदेशांत मुंग्या आणि बधिरपणाच जास्त आढळतो, आणि त्याचं खापर फवारणीच्या पंपावर किंवा वयावर फुटतं. हातमोजेही फारसे कामाचे नाहीत. हॅमरच्या ठोक्यांपुढे त्यांचा मऊपणा जवळपास निरुपयोगी ठरतो.

निवडीपुरतं बोलायचं तर साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर आपटतात आणि माणूस छातीने रेटेल तेवढाच ठोका बसतो. रोटरी हॅमरमध्ये ठोका हवेच्या उशीतून येतो, रेटा कमी लागतो, स्लॅबचं भोक लवकर उरकतं. वेळही हिशेबात असल्याने महागडी मशीन इथे फायद्यात जाते. पत्रकात आकड्याशेजारी बहुधा १.५ ची अनिश्चितता छापलेली असते. तेव्हा १२ आणि १३ यांच्यात घासाघीस करण्यापेक्षा बिट बोथट नाही ना, ते आधी पाहावं.