महाविद्यालयीन परिसराचे सौंदर्य

महाविद्यालयीन परिसराचे सौंदर्य : महाविद्यालय वा विद्यापीठ यांच्या इमारती, त्यांच्यामधील मोकळी जागा, वृक्षराजी, वाटा आणि भूरचना यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होणारा दृश्य व अनुभवगत गुण. एखादी इमारत देखणी असणे आणि परिसर सुंदर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नामवंत वास्तुविशारदांच्या इमारती शेजारीशेजारी उभ्या असूनही परिसर विस्कळीत वाटू शकतो, तर साध्या विटांच्या, अलंकरणहीन इमारतींचा परिसर पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहू शकतो. म्हणून या विषयात इमारतींइतकाच, किंबहुना काहीसा अधिक, विचार त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा करावा लागतो.

या जागेसाठी मराठीत आवार, प्रांगण आणि परिसर असे शब्द आहेत. आवार म्हणताना कुंपणाने वा भिंतींनी वेढलेली जागा डोळ्यांपुढे येते, तर परिसर या शब्दात भोवताल अभिप्रेत असतो. सध्या सर्वत्र रुळलेला ‘कॅम्पस’ हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘सपाट मैदान’ असा आहे. प्राचीन रोममधील कॅम्पस मार्टियस हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. शैक्षणिक अर्थाने हा शब्द प्रथम अमेरिकेत प्रिन्स्टन येथील महाविद्यालयात वापरला गेला, असे सामान्यतः मानतात. इ. स. १७७४ च्या आरंभी तेथील एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या पत्रात, ब्रिटिश चहाच्या निषेधार्थ कोठारातील चहा ‘कॅम्पस’मध्ये आणून जाळल्याचा उल्लेख येतो. १७६८ मध्ये स्कॉटलंडहून आलेले महाविद्यालयाचे अध्यक्ष जॉन विदरस्पून यांनी हा शब्द रूढ केला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अशक्य नाही; परंतु पत्रातील सहज, स्पष्टीकरणाविना केलेला वापर पाहता शब्द तोवर विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलेला असावा, एवढेच अनुमान अधिक सयुक्तिक ठरते. हार्व्हर्डमध्ये अशाच जागेला ‘यार्ड’ म्हणत आणि आजही म्हणतात. प्रिन्स्टनमध्ये मात्र नॅसॉ हॉल ही १७५६ मधील मुख्य इमारत रस्त्यापासून बरीच मागे उभी असल्याने तिच्यापुढे उघडे मैदान राहिले होते, आणि त्या मैदानालाच हे नाव पडले. इमारतींसह सर्व आवाराला कॅम्पस म्हणण्याची पद्धत नंतरची आहे. व्युत्पत्तीचा हा तपशील येथे महत्त्वाचा ठरतो, कारण शब्दाच्या मूळ अर्थात इमारती नसून केवळ मोकळी भूमी आहे.

परिसररचनेचा सर्वांत प्रभावी नमुना म्हणजे चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेला चौक. त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. पाश्चात्त्य परंपरेत ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधील ‘मॉब क्वॉड’ हा सर्वांत जुना चौक म्हणून दाखवतात. त्याचे बांधकाम तेराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टप्प्याटप्प्याने झाले आणि आरंभी तो चौक म्हणून योजलेला होता असे दिसत नाही. इमारती एकेक करून उभ्या राहिल्या व त्यांनी मधली जागा वेढली. पूर्वनियोजित चौकाचा मान त्यामुळे १३७९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू कॉलेजला देणे योग्य ठरेल. तेथे प्रार्थनामंदिर, भोजनगृह, ग्रंथालय आणि निवासस्थाने एकाच आराखड्याने एका अंगणाभोवती बांधली गेली. या मांडणीचा पूर्वज ख्रिस्ती मठातील छत असलेल्या ओवऱ्यांचा चौक होय, असा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते तत्कालीन सरंजामी वाड्यांची अंगणे हा तिचा निकटचा आदर्श होता. भोजनगृह आणि प्रवेशद्वार यांची सापेक्ष स्थाने पाहता दुसरे मत काहीसे बळकट वाटते. मदरशांच्या अंगणांशी असलेले साम्यही अभ्यासकांनी नोंदवले आहे. तथापि महाविद्यालय या संस्थेच्या कायदेशीर स्वरूपावर इस्लामी धर्मादाय न्यासांचा प्रभाव पडला की नाही हा प्रश्न आणि वास्तुरचनेचा प्रश्न हे वेगळे ठेवणे इष्ट आहे. अंगणाभोवती खोल्या बांधण्याची प्रथा त्याहून फार जुनी आहे. नालंदा येथील उत्खनित अवशेषांत मध्यवर्ती अंगणाभोवती भिक्षूंच्या खोल्या असलेल्या विहारांची रांग पूर्वेस आणि मंदिरांची रांग पश्चिमेस असून त्यांच्यामधून दक्षिणोत्तर रुंद मार्ग गेलेला दिसतो. हा आराखडा पाचव्या शतकापासून पुढे क्रमाक्रमाने घडत गेला असावा. उष्ण वा थंड, कोणत्याही हवामानात वाऱ्यापासून व गोंगाटापासून आडोसा देणारी ही रचना निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असणे सर्वाधिक संभाव्य आहे.

चौक पूर्ण बंद असावा की एका बाजूने उघडा, हा वाद सोळाव्या शतकात उपस्थित झाला. केंब्रिजमध्ये जॉन कीझ या वैद्याने १५६५ च्या सुमारास बांधावयास घेतलेल्या चौकाची दक्षिण बाजू मोकळी ठेवली आणि हवा कोंडून दूषित होऊ नये म्हणून तेथे कधीही इमारत बांधू नये, असा नियमच घालून दिला. आरोग्याच्या चिंतेतून निघालेल्या या नियमाचा दृश्य परिणाम मोठा झाला : अंगणात दक्षिणेचे ऊन येऊ लागले आणि आतल्या माणसाला बाहेरचे आकाश व क्षितिज दिसू लागले. तीन बाजूंच्या मांडणीचा सर्वांत ख्यातनाम आविष्कार म्हणजे टॉमस जेफरसन यांनी आखलेले व्हर्जिनिया विद्यापीठ (पायाभरणी १८१७, अध्यापनास प्रारंभ १८२५). लांबट, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंना स्तंभावलीने जोडलेली दहा शिक्षकनिवासस्थाने, त्यांच्यामध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि उत्तर टोकाला रोममधील पँथिऑनच्या धर्तीवरचे घुमटाकार ग्रंथालय अशी ही रचना आहे. ती सर्वस्वी जेफरसन यांची होती काय, याविषयी मतभेद आहेत. मध्यवर्ती घुमटाची सूचना वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब यांनी पत्राने केली होती, हे मान्य आहे. फ्रेंच वास्तुविशारद जोसेफ-जाक रामे यांनी युनियन कॉलेजसाठी १८१३ मध्ये केलेल्या आराखड्यातही उघडी मध्यभूमी व घुमटाकार इमारत आहे, मात्र जेफरसन यांनी तो पाहिला होता असे निश्चयाने म्हणता येत नाही. दक्षिणेकडचे उघडे टोक १८९५ च्या आगीनंतरच्या पुनर्बांधणीत नव्या इमारतीने बंद झाले. दूरचे डोंगर दृष्टीआड झाल्याने मूळ कल्पनेची हानी झाली, असे अनेक अभ्यासकांचे मत असून ते ग्राह्य वाटते.

मोकळ्या जागेची रुंदी आणि भोवतालच्या इमारतींची उंची यांचे प्रमाण हा या विषयातील सर्वांत मोजता येण्याजोगा घटक होय. जर्मन वास्तुविशारद मेर्टेन्स यांनी १८७७ च्या सुमारास मानवी दृष्टीच्या मर्यादांवरून याची मोजमापे मांडली. पाहणारा इमारतीच्या उंचीइतक्या अंतरावर उभा असेल, तर तिच्या माथ्याकडे पाहताना नजर ४५ अंश वर जाते. तेव्हा कोरीवकाम आणि दगडाचा पोत दिसतो, पण संपूर्ण इमारत नजरेत मावत नाही. उंचीच्या दुप्पट अंतरावर हा कोन सुमारे २७ अंश होतो व इमारत एकसंध दिसते. तिप्पट अंतरावर तो सुमारे १८ अंशांवर येतो आणि इमारत शेजारच्या इमारतींसह, पार्श्वभूमीतील एक घटक म्हणून दिसू लागते. त्यापुढे अंतर वाढत गेले की वेढलेपणाची जाणीव विरळ होत जाते. याच तर्काने, १२ मीटर उंचीच्या इमारतींमधले अंगण २४ ते ३६ मीटर रुंद असल्यास ते अंगण वाटते. १०० मीटर रुंद असल्यास ते मैदान होते आणि १० मीटरवर आणल्यास बोळ. कोणत्याही सूत्राप्रमाणे हेही यांत्रिकपणे लावता येत नाही, कारण मधोमध उभे असलेले एखादे विस्तीर्ण वृक्षछत्र मोठ्या अंगणालाही आत घेते. एका अंगणातून कमानीखालून दुसऱ्यात, अरुंदातून रुंदात आणि सावलीतून उजेडात जाण्याचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असून चांगल्या परिसरांची किमया बहुधा या संक्रमणात असते.

बांधकामसाहित्याची एकता हा पुढचा घटक. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठ हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. १९३१ च्या स्पर्धेतून निवडलेल्या आराखड्यावर १९३३ पासून उभ्या राहिलेल्या या परिसरात भिंती पिवळ्या विटांच्या आणि छपरे पिवळ्या कौलांची आहेत. स्थानिक वीट-कौल उत्पादकांनी हे साहित्य आरंभी देणगी म्हणून दिले होते. योगायोगाने मिळालेली मर्यादा पुढच्या पिढ्यांनी नियम म्हणून पाळली. हिमयुगीन दरीच्या उतारांवर विखुरलेल्या साध्या इमारती त्यामुळे एकाच कुळातील वाटतात. याउलट, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पसरलेल्या ‘कॉलेजिएट गॉथिक’ शैलीने एकतेसाठी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे रूप उसने घेतले. प्रिन्स्टनचे अध्यक्ष असताना वुड्रो विल्सन यांनी या शैलीमुळे संस्थेच्या इतिहासात जणू हजार वर्षांची भर पडली, अशा आशयाचे उद्गार काढले होते. आधुनिकतावाद्यांनी या उसन्या वार्धक्यावर कठोर टीका केली. ती तात्त्विकदृष्ट्या समर्थनीय असली, तरी त्या शैलीतील वास्तुविशारदांना अंगणांची मापे आणि कमानींतून दिसणारी दृश्ये उत्तम साधली होती, हे मान्य करावे लागते. ऑक्सफर्डमधील मूळ दगडही चिरंतन नव्हता : हेडिंग्टन येथील मऊ चुनखडक कोळशाच्या धुराने पापुद्रे सुटून झिजला आणि विसाव्या शतकात अनेक दर्शनी भिंती दुसऱ्या दगडाने नव्याने मढवाव्या लागल्या.

वृक्ष आणि भूमी यांचे कार्य केवळ सजावटीचे नाही. कापलेल्या हिरवळीचा आदर्श ओलसर, समशीतोष्ण हवामानात तयार झाला. कोरड्या प्रदेशांत त्याचे अनुकरण पाण्याच्या दृष्टीने खर्चिक ठरते. मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय विद्यापीठाचा परिसर (मुख्य बांधकाम १९४९–५२) प्राचीन लाव्हाच्या थरावर वसला असून तेथील काळा खडक जोती, पायऱ्या आणि भिंती यांत वापरला आहे. हुआन ओ’गॉर्मन यांनी तेथील ग्रंथालयाच्या चारही भिंती नैसर्गिक रंगाच्या दगडी तुकड्यांच्या कुट्टिमचित्रांनी झाकल्या. लाव्हाभूमीवरील मूळ वनस्पतींसाठी १९८३ मध्ये परिसरातच राखीव क्षेत्र निर्माण करण्यात आले. चीनमधील शेनयांग येथील वास्तुविद्यापीठाच्या नव्या परिसरात भूदृश्यरचनाकार कोंगजियान यू यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी शोभेच्या बागेऐवजी भातखाचरे आखली व त्यांच्यामधून अभ्यासासाठी बैठकी ठेवल्या. शांतिनिकेतनात वृक्षांखाली वर्ग भरवण्याची पद्धत असल्याने झाड हाच वर्गखोलीचा छप्पर-घटक झाला; नंदलाल बोस प्रभृतींची भित्तिचित्रे आणि रामकिंकर बैज यांची उघड्यावरची शिल्पे यांनी ते आवार अध्यापन, कला व निसर्ग यांच्या एकत्र वास्तव्याचे स्थळ बनवले. शांतिनिकेतनाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०२३ मध्ये झाला.

आखलेले रस्ते आणि चालणाऱ्यांनी पाडलेल्या पायवाटा यांत नेहमीच अंतर राहते. शिकागो येथील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या परिसराला वास्तुविशारद मीज फान डेर रोअ यांनी २४ फुटांच्या काटेकोर चौकटीत बसवले होते; तेथे २००३ मध्ये पूर्ण झालेले विद्यार्थिकेंद्र उभारताना वास्तुविशारद रेम कोल्हास यांनी रिकाम्या जागेवर विद्यार्थ्यांनी तुडवलेल्या तिरक्या वाटा तशाच ठेवून त्यांना इमारतीतील मार्गांचे रूप दिले. वर्गांमधील मोकळा वेळ दहा मिनिटांचा धरल्यास मध्यम चालीने जेमतेम ८०० मीटर अंतर कापता येते. त्याहून पसरलेल्या परिसरात पादचाऱ्याची जागा हळूहळू वाहने घेतात.

अशी स्थळे मनाला का भावतात, याची उपपत्ती मानसशास्त्रात शोधली गेली आहे. जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार स्वतः आडोशाला असून दूरवर पाहता येईल अशी जागा माणसाला प्रिय असते. ओवरीत बसून अंगण न्याहाळणारा विद्यार्थी नेमका या स्थितीत असतो. रेचेल व स्टीफन कॅप्लन यांच्या मते, सलग एकाग्रतेने थकलेले अवधान नैसर्गिक दृश्यांतील अनायास आकर्षणामुळे पूर्ववत होते. दुसरी उपपत्ती अभ्यासस्थळांना अधिक थेट लागू पडते. मात्र तिच्यावरून विशिष्ट झाडांची वा हिरवळीची मापे ठरवणे घाईचे होईल.

परिसराचे सौंदर्य त्याच्या इतिहासापासून अलग करता येत नाही. व्हर्जिनिया येथील हिरवळ आणि इमारती मोठ्या प्रमाणावर गुलामांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या. त्यांचे स्मारक तेथे २०२० मध्ये पूर्ण झाले. केपटाउन विद्यापीठाला पर्वतउताराची भव्य पार्श्वभूमी आहे. तेथील पायऱ्यांखालचा ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स यांचा पुतळा विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर एप्रिल २०१५ मध्ये हलवण्यात आला. वूहान विद्यापीठातील चेरीचा बहर पाहण्यास दरवर्षी मोठी गर्दी होते, पण तेथील पहिली चेरीची झाडे १९३९ मध्ये जपानी ताब्याच्या काळात लावली गेली होती.

जतनाचा प्रश्न अलीकडे तीव्र झाला आहे. वाढत्या विद्यार्थिसंख्येसाठी नव्या इमारती बहुधा अंगणांत आणि मैदानांतच घुसवल्या जातात, आणि वाहनतळ उरलेली जमीन व्यापतात. वास्तुविशारद लुई कान यांनी १९६२ पासून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेसाठी आखलेली वसतिगृहे, त्यांच्या भल्यामोठ्या वर्तुळाकार विटांच्या कमानी आणि मधली सावलीची अंगणे जगभर अभ्यासली जातात. त्यांपैकी १४ वसतिगृहे पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२० मध्ये पुढे आला. वास्तुविशारद व माजी विद्यार्थी यांच्या विरोधानंतर तो थोड्याच दिवसांत मागे घेतला गेला, परंतु विटांची झीज आणि भूकंपाने झालेले नुकसान या कारणांनी २०२२ च्या अखेरीस पुनर्बांधणीचा विषय पुन्हा निघाला. वसतिगृहे आणि त्यांच्यामधली अंगणे एकाच आराखड्यातून जन्मलेली असल्याने, एकाची जागा बदलली तर दुसऱ्याचे माप बदलते.