नाल्याकाठचा डॉल्फिन: सुशोभीकरण की जनजागृती?

नाल्याकडेची भिंत निळी करायची, त्यात एक डॉल्फिन उडवायचा, शेजारी नळ, नळाखाली थेंब आणि वर 'पाणी हेच जीवन'. मग फीत कापायची आणि छापून आणायचं, 'जलप्रदूषणाबाबत जनजागृती'. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, हाच मासला. अहो, हे सुशोभीकरण आहे. वाईट नाही, भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या थांबल्या तरी पुष्कळ झालं. पण त्याला जनजागृती म्हणू नका.

सुशोभीकरण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. रंग तोच, ब्रश तोच, कधी पेंटरही तोच. चित्र देखणं की ओबडधोबड, यावरूनही काही ठरत नाही.

गल्लत होते ती एकाच ठिकाणी. माझी कसोटी अशी: ते चित्र मनातल्या मनात उचला आणि हुबळीच्या स्टँडवर लावून बघा. तिथंही तितकंच शोभलं, तर ते सुशोभीकरण. जागृतीचं चित्र जागेवरून हलत नाही, कारण ते पुढ्यातल्या पाण्याबद्दल बोलत असतं. हे पाणी आलं कुठून, चाललं कुठं, त्यात आपल्या घरचं काय आहे.

२०१५ साली बंगळूरच्या सुलतानपाळ्यात बादल नंजुंडस्वामी या कलाकारानं रस्त्यावरच्या खड्ड्याचं डबकं रंगवलं आणि त्यात मगर बसवली. विषय प्रदूषणाचा नव्हे, रस्त्याचा होता, पण कसोटीला पुरेपूर उतरतो. तीच मगर बागेत ठेवली असती तर पोरांनी फोटो काढले असते, बस्स. खड्ड्यात होती म्हणून खड्डा बुजला. कॅनडात १९९१पासून पावसाळी गटारांच्या तोंडाशी पिवळा मासा रंगवतात. का, तर त्या गटारातलं पाणी शुद्ध न होता थेट ओढ्या-नद्यांत जातं. मासा साधाच, शाळकरी मुलंही काढतात. जागा मात्र चुकत नाही.

आता आपल्याकडे या. बेळगावच्या शहापुरात मोरीचं पाणी गटारात सोडणाऱ्याला विचारा, हे जातं कुठं? 'पुढं जातंय' म्हणेल. पुढं म्हणजे बळ्ळारी नाला. त्याच्या पुढं वडगाव, जुने बेळगाव, हलग्याचं भाताचं शिवार. पावसाळ्यात नाला फुगला की तेच पाणी रोपांवर चढून बसतं. मग घटप्रभेचं खोरं आणि शेवटी कृष्णा. हा 'पुढं' शब्द फोडून दाखवणं हेच चित्राचं काम. माझ्या हातात असतं तर गटाराच्या प्रत्येक झाकणावर भाताची एक लोंबी काढली असती आणि पाणी वाहतं त्या दिशेला बाण. खाली एक ओळ मराठीत, एक कन्नडमध्ये. पाटीच्या भाषेवरून भांडायला आपल्याला बारा महिने पुरत नाहीत, पण लोंबी दोन्ही भाषांत लोंबीच दिसते.

गेल्या वर्षी अशाच एका भिंतीचं काम बघत उभा होतो. डॉल्फिनचा डोळा झाला, पेंटर शिडीवरून उतरला आणि ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन त्यानं सरळ नाल्यात ओतलं. त्याला काय बोलणार? चार दिवस तो पाण्याकडे पाठ करून उभा होता, आणि मागं वळून बघ असं त्याला चित्रही सांगत नव्हतं.

थेंबाचं तेवढं सांगून टाकतो. पाणी जपून वापरणं वेगळं, पाणी न नासवणं वेगळं. नाल्याच्या काठावर 'थेंब थेंब वाचवा' लिहिणाऱ्यानं यातला कुठला थेंब वाचवू, ते दाखवावं.

आणि मासाच हवा असेल तर आपल्या पाण्यातला काढा, तोंड वर काढून धापा टाकणारा. सांडपाणी कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतं. नदीतल्या अंघोळीच्या पाण्यालासुद्धा तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा असतो. तो संपत आला की मासे असेच वर येतात. तरंगत्या प्लास्टिकच्या बाटल्या चित्रात काढायला सोप्या, म्हणून सगळे त्याच काढतात. हा मासा कुणी काढत नाही.

काम मात्र दिवाळीनंतरच घ्या. आपल्या पावसात ओल्या भिंतीवर मारलेला रंग पोपडे धरतो.