'बिबट्याचा वावर आहे' : मुंबईतल्या एका पाटीची पार्श्वभूमी

गोरेगाव पूर्वेला आरेत शिरून पवईच्या बाजूला निघालात की वाटेत वनखात्याची पाटी लागते. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच असतो. 'सावधान! या परिसरात बिबट्याचा वावर आहे.' खाली सूचनांची जंत्री: अंधारात एकटे फिरू नका, मुलांना एकटे सोडू नका, कचरा टाकू नका. आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाच्या उत्तरेला, घोडबंदर रोडवर, पाटी वेगळं बोलते. इथे वन्यप्राणी रस्ता ओलांडतात, वाहने सावकाश चालवा. जनावर तेच. पण आरेतली पाटी माणसाला बिबट्यापासून सांभाळते आणि घोडबंदरची पाटी बिबट्याला गाडीपासून. मुंबईला पहिल्या पाटीवरून दुसरीपर्यंत यायला बराच काळ लागला, आणि पहिलीही अजून उतरलेली नाही.

त्याआधी या भागात पाटी नव्हती, दगड होता. शेंदूर फासलेला, कधी लाकडात कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य. वारल्यांचा वाघोबा. आरेच्या पाड्यांतही त्याची स्थानं आहेत. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात, कोंबडा देतात. या दगडाला इशाऱ्याची पाटी म्हणणं थोडं ओढून ताणून होईल, कारण तो फक्त माणसाशी बोलत नाही. त्याच्याशी करार असतो: आम्ही तुझा मान ठेवू, तू आमची गुरं आणि पोरं राख. वाघ आणि बिबट्या असा काटेकोर भेदही तिथे नसतो, पाड्यावर बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. त्यामुळे खरा पट्टेवाला वाघ या बेटावरून गेला तरी वाघोबाचं काम काही संपलं नाही.

तो पट्टेवाला इथे होता, हे आज कुणाला सांगून पटत नाही. १९२९ साली विहार तलावाजवळ वाघ मारल्याची नोंद आहे. म्हणजे विहारचं धरण बांधून, शहराला त्याचं पाणी पाजायला लागून सत्तरेक वर्षं झाली तरी काठाला वाघ येत होता. घोडबंदर रोडवरचं वाघबीळ हे नावही तेच सुचवतं. आता तिथे टॉवर आहेत आणि रिक्षावाला 'वाघबीळ नाका' असं न अडखळता म्हणतो. गावाला असं नाव पडलं की वेगळी पाटी लावायची गरज उरत नसावी.

लोखंडी पाटीचा वंश मात्र परदेशी आहे आणि तिचा जन्म मोटारीसोबतचा. १९०९ साली पॅरिसमध्ये देशोदेशींनी मिळून रस्त्यावरच्या धोक्याच्या चार खुणा ठरवल्या: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. जनावर त्यात नव्हतं. १९२६च्या पॅरिस करारात धोक्याच्या खुणेला त्रिकोण मिळाला. (महाराष्ट्र वनखात्याच्या हेल्पलाइनचा क्रमांकही १९२६च. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा जातो.) १९६८च्या व्हिएन्ना करारात जनावरांच्या पाटीला चांगली मोकळीक दिली गेली: त्या रस्त्यावर जे जनावर मुख्यतः आडवं येतं, पाळीव किंवा रानटी, त्याची काळी आकृती काढा. म्हणून स्वीडनच्या पाटीवर मूस हरीण आहे, जे पर्यटक आठवण म्हणून चक्क चोरून नेतात. करारापलीकडेही प्रत्येक देशाने आपापलं जनावर उभं केलं. ऑस्ट्रेलियात पिवळ्या चौकोनावर कांगारू आला, आणि तिथल्या उत्तर भागात नदीकाठच्या मगरीच्या पाटीवर इंग्रजीबरोबर जर्मनमध्येही 'सावधान' लिहिलेलं असतं. मला सगळ्यांत आवडते ती नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरची. काळ्या त्रिकोणात पांढरं अस्वल आणि खाली नॉर्वेजियनमध्ये एवढंच, की ही सूचना संपूर्ण स्वालबारला लागू आहे. आरेच्या वेशीवर असंच काही लिहायला हवं होतं.

आपल्याकडेही लाल कडेचा त्रिकोण आणि आत काळं चित्र हीच पद्धत. पण बहुतेकदा आत दिसते ती गाय. भारतातल्या रस्त्यावर गाय आडवी येईल हे सांगायला पाटी कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. बिबट्याचं तसं नाही. तो असतो, पण दिसत नाही.

मुंबईत बिबट्याची पाटी लागली ती भीतीपोटी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि त्याला तिन्ही बाजूंनी भिडलेली वस्ती. २००२ ते २००४ या काळात बिबट्याचे हल्ले वाढत गेले आणि २००४च्या जूनमध्ये तर एका महिन्यात दहाच्या आसपास माणसं गेली. त्या पावसाळ्यात बोरिवली, मुलुंड, ठाण्याच्या जंगलालगत राहणाऱ्यांनी संध्याकाळी दारं लावून घेतलेली आठवतील. वर्तमानपत्रांत 'नरभक्षक' आणि 'दहशत' या दोन शब्दांवाचून बातमी होत नव्हती. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले.

पकडलेले बिबटे जायचे कुठे, हीच यातली गोम होती. बाहेरून पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते. त्याच सुमारास जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे येत होतं, की बिबट्या एका जागेहून उचलून दुसरीकडे सोडला की तिकडे हल्ले वाढतात. अनोळखी मुलूख, आधीच वाटणी झालेली जागा, आणि घरी परतायची ओढ. २०११ साली केंद्राने बिबट्या-माणूस संघर्षाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सरसकट पकडापकडी नको असंच सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला. पत्रकारांसाठी कार्यशाळा झाल्या, वस्त्यांत बैठका झाल्या. पाटीवरचा मजकूर मला वाटतं इथेच बदलला. आधी ती नुसती 'सावधान' म्हणायची. आता ती कचऱ्याबद्दल बोलू लागली, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पाटी पहिल्यांदाच बिबट्याकडे बोट दाखवायचं सोडून आपल्याकडे वळली.

'वावर' हा शब्दही त्यासाठी चपखल आहे. 'बिबट्याप्रवण क्षेत्र' असंही कुठेकुठे लिहिलेलं दिसतं, ते सरळ 'अपघातप्रवण'च्या साच्यातून काढलेलं आहे. म्हणजे बिबट्या हाच अपघात. 'वावर' म्हटलं की तो इथला रहिवासी ठरतो, सोसायटीत एखाद्याचा वावर असावा तसा.

आकडेही तेच सांगत होते. २०१५ साली कॅमेरा लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि आरे परिसरात ३५ बिबटे दिसले, २०१८मध्ये ४७. एवढे बिबटे इतक्या माणसांशेजारी राहतात आणि बहुतेक रात्री काहीच घडत नाही. मात्र काहीच घडत नाही असं पाड्यावरच्या माणसाला सांगायला जाऊ नये. २०२१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत पाठोपाठ हल्ले झाले. काठीने बिबट्याला परतवणाऱ्या बाईंचं सीसीटीव्ही चित्रण तेव्हा घरोघरी पाहिलं गेलं. २०२२च्या दिवाळीत आरेतच एक तान्ही मुलगी गेली. ज्यांच्या घराला अंगणात दिवा नाही, त्यांना पाटीवरचं 'अंधारात फिरू नका' कसं वाटत असेल, हे बाहेरच्याने न बोललेलं बरं.

दुसऱ्या जातीची पाटी, वाहनचालकांसाठीची, समजून घ्यायची तर आजोबाची गोष्ट सांगावी लागते. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला एक बिबट्या वाचवला गेला. वयस्कर, शांत, म्हणून अभ्यासकांनी नाव ठेवलं आजोबा. गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबला नाही. शंभराहून अधिक किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत तो मुंबईच्या जंगलापर्यंत आला. वाटेत कुणाला इजा केली नाही. २०११च्या अखेरीस मुंबईच्या वेशीवर रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेत तो मेला. २०२१पासून उद्यानातल्या बिबट्यांनाही कॉलर लावल्या गेल्या, तेव्हा महाराजा नावाचा नर घोडबंदर रोड ओलांडून नागला बंदराचं जंगल आणि पुढे तुंगारेश्वर अभयारण्यापर्यंत जातो हे नकाशावर उमटलं. रस्ता त्याच्या मुलुखाच्या मधून गेलेला आहे.

पाण्याकाठच्या पाट्यांचं वेगळं प्रकरण होईल. पवई तलावावर मगरींची पाटी आहे आणि मगरीही आहेत, तरी गळ टाकून बसणारे बसतातच. चौपाटीवरची सूचना तर अगदी अलीकडची. १० सप्टेंबर २०१३ला दीड दिवसाच्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कित्येकांच्या पायाला पाकट हा मासा चावला, म्हणजे खरं तर त्याने शेपटीचा काटा मारला. कोळ्यांना पाकट आणि त्याचे पावसाळ्यातले दिवस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पालिकेला ते त्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून विसर्जनाच्या सूचनांत पाकट आणि जेलीफिश दरवर्षी हजर असतात.

रस्त्यावरच्या पाटीचा उपयोग किती, यावर जगभर झालेल्या अभ्यासांचा सूर फारसा उत्साहाचा नाही. रोजच्या रस्त्यावरची कायमची पाटी चालकाच्या डोळ्यांना काही दिवसांत दिसेनाशी होते, वेग जेमतेम कमी होतो. नागपूरजवळ पेंचमधून जाणाऱ्या महामार्गावर म्हणून पाटीवर न विसंबता रस्ताच उचलून घेतला. खालून जनावरांना जायला नऊ वाटा ठेवल्या, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ रमतगमत जाताना दिसले. वर ट्रक धावत होते.