अंतरपाट

लग्न लागण्याच्या क्षणापर्यंत वधू आणि वर यांच्यामध्ये आडवे धरले जाणारे वस्त्र. संस्कृत रूप ‘अंतःपट’. महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि आंध्र-तेलंगणातील हिंदू विवाहांत हा प्रघात आहे, आणि पारशी विवाहातही. कापड म्हणाल तर साधे पांढरे उपरणे किंवा शाल, त्यावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक. दोन्ही टोके दोघा भटजींच्या किंवा नातेवाइकांच्या हातात.

मराठी लग्नात मुलगी आधी गौरीहरापाशी बसलेली असते, पिवळी अष्टपुत्री नेसून. तिथून तिला मामा बोहल्यावर आणतो. बालविवाहांच्या काळी तो तिला कडेवर घेऊन येई. आता नुसता हात धरतो आणि लग्न लागेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. अंतरपाटाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हार घेतलेला नवरा, मध्ये पाट. मग मंगलाष्टका सुरू होतात आणि प्रत्येक कडव्याअखेर ‘शुभमंगल सावधान’ झाले की अक्षता उडतात. कुंकू लावलेले हे तांदूळ खरे तर दोघांच्या डोक्यावर पडायचे. बरेचसे पुढच्या रांगेतल्या माणसांच्या मानेत जातात. तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून हल्ली काही घरी फुलांच्या पाकळ्या देतात, पण पाकळी अंगावर पडल्याचे कळत नाही, ही तक्रारही ऐकू येते.

पाट धरून थांबायचे ते मुहूर्तासाठी. घड्याळे नव्हती तेव्हा मांडवात घटिकापात्र असे : बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे. मुहूर्ताला अवकाश असेल तर मंगलाष्टका वाढवायच्या. नाव ‘अष्टक’ असले तरी त्या आठच राहिल्याचे क्वचितच दिसते. वृत्त बहुधा शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरे, बाराव्यावर यती. घरातली एखादी मावशी किंवा आत्या खास रचना करून आणते. तीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे त्या १९ अक्षरांत बसवताना ऱ्हस्व-दीर्घाचे जे हाल होतात, ते कुणी मनावर घेत नाही. शेवटी ‘तदेव लग्नं’ सुरू झाले की वाजंत्रीवाले सावध होतात. पाट बाजूला, हार गळ्यात, सनई-चौघडा.

त्यानंतरचे परस्परांना पाहणे ‘परस्परनिरीक्षण’ म्हणून विधीत धरलेले आहे. मुलाने मुलीला आधी पाहिलेलेच नसे तेव्हा त्या पाहण्याला खरा अर्थ होता. वर्षभर सोबत हिंडलेली जोडपीही पाट खाली येताना गोंधळून हसतात, ही गोष्ट मात्र कोणत्याही पोथीत नाही.

कायद्याच्या दृष्टीने या क्षणी काहीच पुरे झालेले नसते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. सप्तपदीच्या वेळी निम्मे पाहुणे पंगतीत असतात. मराठी माणसाच्या लेखी डोक्यावर अक्षता पडल्या की लग्न झाले.

‘सावधान’ या शब्दालाही महाराष्ट्रात एक निराळे वजन आहे. जांबचे नारायण ठोसर, पुढचे समर्थ रामदास, बाराव्या वर्षी हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळाले, अशी परंपरागत कथा आहे. जोतीराव फुल्यांनी मंगलाष्टकांचा बोलणाराच बदलला. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीवाचून लागला. १८८७ मध्ये छापलेल्या त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः एकमेकांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांचा विषय काढते.

पारशी विवाहात वधू-वर समोरासमोर खुर्च्यांवर बसतात, मध्ये कापड धरलेले. त्याखालून उजवे हात जुळवतात आणि दोघांभोवती सुताचे सात वेढे घेतात. पडदा खाली येताच दोघे एकमेकांवर तांदूळ फेकतात. ज्याचे आधी पडले त्याची घरात चालणार, असे गमतीने मानतात. मग ती दोघे शेजारी बसली की आशीर्वाद म्हणतात, त्यात संस्कृत पाठही असतो. मराठी लग्नातही पाट दूर झाल्यावर वधू-वरांभोवती सूत गुंडाळतात. त्याला सूत्रवेष्टन म्हणतात, आणि त्याच सुताने हळकुंड बांधून कंकण करतात.

तेलुगू लग्नात पडदा असतानाच मुहूर्ताला जिरे-गुळाचा गोळा विड्याच्या पानावर घेऊन एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. बंगालात कापडाऐवजी विड्याची दोन पाने येतात : भाऊ वधूला बसायच्या लाकडी पाटासकट उचलून वराभोवती सात वेळा फिरवतात, तोवर तिने पानांनी चेहरा झाकलेला असतो, पाने खाली आली की ‘शुभदृष्टी’. भारतीय मुसलमानांत काही ठिकाणी निकाहानंतर आरसीमुसहफ होते. एकाच ओढणीखाली आरसा ठेवून वधू-वर एकमेकांचे प्रतिबिंब पाहतात. अश्केनाझी (मूळच्या युरोपातल्या) यहुद्यांत क्रम उलटा : वर आधी वधूचा चेहरा पाहतो आणि मग तिच्यावर पडदा ओढतो. याकोबाला राहेलऐवजी लेआ दिली गेली, त्या बायबलातल्या फसवणुकीशी हा रिवाज जोडतात.

आता वधू-वरांची नावे भरतकामात घातलेले, झालर लावलेले तयार अंतरपाट विकत मिळतात आणि नंतर चौकटीत बसवून भिंतीवर जातात. साधा पाट दरवर्षी बघायला मिळतो तो कार्तिकात, तुळशीच्या लग्नात. अंगणातल्या वृंदावनाला उसाचे खोपट, बोरे-चिंचा-आवळे, पाटावर बाळकृष्ण. आणि घरातली दोन पोरे हात दुखेपर्यंत एक पंचा ताणून उभी.