ऑफसेट व डिजिटल मुद्रण : लहान छापखान्यातील निवड

हाती आलेले काम प्लेट (छापायची प्रतिमा उतरवलेला पातळ पत्रा) करून ऑफसेट यंत्रावर चढवायचे की संगणकातून थेट डिजिटल यंत्रावर काढायचे, यासंबंधीचा निर्णय. एकरंगी मिनी ऑफसेट किंवा डेमी आकाराचे (सु. १८ × २३ इंच) ऑफसेट यंत्र आणि सोबत १२ × १८ किंवा १३ × १९ इंची ताव घेणारे डिजिटल यंत्र असलेला छापखाना येथे गृहीत धरला आहे.

ऑफसेटचे मूळ शिळामुद्रणात आहे. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या गुणधर्मावर आधारलेले हे तंत्र आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ ते १७९८ च्या सुमारास बव्हेरियात सिद्ध केले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांचे १८३१ चे मराठी पंचांग शिळाछापाचेच. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेला चित्रछापखानाही याच परंपरेतला. शिळामुद्रणात कागद शिळेवर थेट दाबला जाई. ऑफसेटमध्ये प्लेटवरची प्रतिमा आधी रबरी ब्लँकेटवर (रुळावरच्या रबरी आवरणावर) आणि तेथून कागदावर उतरते.

ही मधली पायरी कोणाची, याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कली यांनी १८७५ मध्ये पत्र्यावर छापण्यासाठी अशा यंत्राचे पेटंट घेतले होते. पत्रा कडक असल्याने मध्ये मऊ पृष्ठभाग घालणे तेथे गरजेचेच होते. कागदासाठीचा शोध सहसा अमेरिकेतील न्यू जर्सीचे आयरा रूबेल यांच्या नावावर १९०३-०४ च्या सुमाराचा मानला जातो. यंत्रात ताव घालायचा चुकला, प्रतिमा दाबरुळावरच्या रबरावर उमटली आणि पुढच्या तावाच्या पाठीवर ती मूळ छपाईपेक्षा ठसठशीत आली, अशी हकीकत सांगतात. अमेरिकेतील यंत्रनिर्माते हॅरिस बंधू यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हे पाहिले, असेही एक मत आहे. त्यांचे ऑफसेट यंत्र १९०६ मध्ये आले. जर्मन मुद्रक कास्पर हेरमान यांचाही दावा पुढे केला जातो. तत्त्वाचे श्रेय बार्कली यांना आणि कागदावरील वापराचे रूबेल यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

डिजिटल मुद्रणाचा आरंभ काही जण चेस्टर कार्लसन यांच्या २२ ऑक्टोबर १९३८ च्या कोरड्या छायाप्रतीपासून धरतात. परंतु ते तंत्र कागदावरून कागदावर प्रत काढण्याचे होते. संगणकातील पान प्लेटवाचून रंगीत छापणे हा निकष लावल्यास इंडिगो आणि झायकॉन या कंपन्यांची यंत्रे पुढे आली ते १९९३ हे वर्ष अधिक ग्राह्य ठरते.

निवडीचा हिशेब प्रतींवर मांडण्याची पद्धत रूढ आहे, पण ती दिशाभूल करते. हिशेब तावांचा हवा. ऑफसेटमध्ये प्लेटा, यंत्र लावण्याचा वेळ आणि शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत वाया जाणारे ताव हा खर्च पहिल्या चांगल्या तावाआधीच होतो. पुढे दर ताव स्वस्त पडतो. डिजिटलला असा आरंभीचा खर्च जवळपास नसतो, मात्र क्लिकचा, म्हणजे यंत्राने काढलेल्या प्रत्येक छापाचा, दर शेवटच्या तावापर्यंत तोच राहतो. ऑफसेटच्या आरंभीच्या खर्चाला दोन्हींच्या दर तावातील फरकाने भागले की उंबरठा मिळतो, म्हणजे ज्यापुढे ऑफसेट स्वस्त पडते ती तावांची संख्या. समजा आरंभीचा खर्च २,४०० रुपये, डिजिटलचा ताव १० रुपये आणि ऑफसेटचा ४ रुपये. तर उंबरठा ४०० तावांचा. १,००० व्हिजिटिंग कार्डे, एका तावात २४ बसवली तर, ४२ तावांत संपतात. उलट डेमी १/८ आकाराच्या १६० पानी पुस्तकाचे १० फर्मे (एका तावाच्या दोन्ही बाजू मिळून १६ पानांचा एक फर्मा) आणि मजकुराच्या २० प्लेटा होतात. डिजिटलवर त्याच पुस्तकाच्या एका प्रतीला १२ × १८ इंची २० ताव लागतात, म्हणजे १,००० प्रतींना २०,०००. हजार हाच आकडा पहिल्या कामाला डिजिटलकडे नेतो आणि दुसऱ्याला ऑफसेटकडे.

एकरंगी यंत्रावर चाररंगी काम करायचे तर ताव चारदा फिरवावा लागतो. पावसाळ्यात कागद दमट हवा ओढून फुगतो, दोन फेऱ्यांमध्ये त्याचे माप बदलते आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची अचूक बैठक, हलते. शाई उशिरा वाळते, वरच्या तावाच्या पाठीला लागते. यामुळे असे काम लहान छापखान्याने चाररंगी यंत्रवाल्याकडे द्यावे किंवा डिजिटलवर काढावे, हे बरे. अर्थात दमट कागद डिजिटललाही सोसत नाही. टोनर (डिजिटल यंत्रातील शाईची पूड) वितळवणाऱ्या उष्णतेने तो वळतो आणि यंत्रात अडकतो. रिम शेवटपर्यंत बांधलेले ठेवणे दोन्हीकडे उपयोगी.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक दक्षता आवश्यक आहे. बारीक टाइपातील अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांच्या बारीक रेषा चार रंगांच्या मिश्र काळ्यात छापल्यास रजिस्टर किंचित हलले तरी अक्षराला सावली येते. रंगीत पार्श्वभूमीवर पांढऱ्या सोडल्यास त्या बुजतात. मजकूर निव्वळ काळ्या प्लेटवरच ठेवावा.

टोनर कागदात मुरत नाही, पृष्ठावर बसतो. त्यामुळे गडद रंगाच्या जाड लग्नपत्रिकेला घडीवर तडा जातो. आधी क्रीझिंग करून (घडीच्या जागी दाबून खाच पाडून) आणि घडी कागदाच्या धाग्याला समांतर घेऊन तो टाळता येतो. प्रत्येक प्रतीवर वेगळे नाव हवे असणारी प्रमाणपत्रे डिजिटलवरच सोयीची. सोनेरी, चंदेरी शाई व ठरावीक मिश्ररंग यांसाठी ऑफसेट, तर पावतीपुस्तके ऑफसेटवर छापून त्यांना वेगळे नंबरिंग करण्याची पद्धत आहे.