एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी समुदायाधारित मनोसामाजिक आधार (बेळगाव सीमाभाग)

एआरटी (एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधे) घेणाऱ्या माणसाला दवाखान्याबाहेर, म्हणजे घरात, गावात आणि कामावर मिळणारी मानसिक व व्यावहारिक साथ. ती देणाऱ्यांत समुपदेशक असतात, तसेच स्वतः एचआयव्हीसह जगणारे कार्यकर्तेही असतात. समदुःखी माणसाने दुसऱ्याला सावरायची ही रीत या भागाला नवी नाही. कृष्णाकाठी सांगलीत १९९६ साली उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये ती रुजवली.

देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. २०१७ पासून सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) कितीही असला तरी निदान होताच गोळ्या सुरू करतात. त्यामुळे आधाराचे कामही पालटले. शेवटच्या दिवसांत जवळ बसणे कमी झाले आणि रोजची एक गोळी वर्षानुवर्षे न चुकता पोटात जाईल हे पाहणे वाढले.

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्याचा रोटी-बेटी व्यवहार कोल्हापूर, सांगली, गोव्यापर्यंत चालतो. आपल्या तालुक्यात एआरटी केंद्राच्या रांगेत सोयरे भेटतील या धास्तीने काही जण कोल्हापूर किंवा मिरजेला नाव घालतात. गुपित राहते, पण एसटीचे भाडे आणि बुडालेली हजेरी अंगावर येते, आणि ऊसतोडीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत खेप चुकते. मग कोणी बदलीपत्र (केंद्र बदलल्याची चिठ्ठी) न घेताच जवळच्या केंद्रात नव्याने नाव नोंदवतो. जुन्या वहीत तो ‘हरवलेला’ ठरतो, शोधायला माणूस घरी जातो आणि जे झाकायचे तेच उघडे पडते. म्हणून बदलीपत्र आणि उपचारांची नोंद असलेले हिरवे पुस्तक सांभाळायला पहिल्याच भेटीत शिकवावे. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, हेही तेव्हाच सांगावे.

घरभेट संमतीशिवाय नाही. घरी कोणाकोणाला माहीत आहे, दारात कोणी विचारले तर काय सांगायचे आणि फोन दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचे, हे आधीच ठरवतात. संस्थेचे नाव लिहिलेली गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवलेली बरी. घरात बाटली मागवून गोळ्या मोजतात. बाटलीत ३० गोळ्या असतात; २८ दिवसांनी २ उरायला हव्यात. ६ उरल्या तर ४ चुकल्या, म्हणजे सातत्य ८६ टक्क्यांवर आले. ते ९५ च्या वर हवे. रागावल्यास पुढच्या वेळी गोळ्या मोरीत जातात आणि हिशेब बिनचूक निघतो. त्यामुळे ‘का घेतली नाही’ असे न विचारता ‘कुठल्या दिवशी जमलं नाही’ असे विचारतात. उत्तर बहुधा साधे असते: पाहुणे होते, जत्रा होती, बाटली खुळखुळते. लेबल खरवडून गोळ्या पुडीत बांधणे हा नेहमीचा तोडगा, पण ओल लागून त्या बिघडतात. त्या मूळ बाटलीतच, ओल शोषणाऱ्या पुडीसकट ठेवाव्यात. चुकलेली गोळी आठवताच घ्यावी. पुढच्या वेळी दोन मात्र घेऊ नयेत. गोळीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाने झोप उडत असेल तर केंद्राला विचारून ती सकाळी घेता येते.

दोन आठवडे उदासी, भूक मंदावणे किंवा ‘जगून काय करू’ असे बोलणे दिसले तर गटातली समजूत पुरी पडत नाही, मानसोपचाराकडे पाठवावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. एचआयव्हीविषयी विचारायला १०९७.

नवऱ्यामागे सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या बायकांना २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचा आधार आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला मनाई आहे. कानडी अर्जावर अंगठा घेण्याआधी तो मराठीत वाचून दाखवणे हेही याच कामात मोडते.

गटाची बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवतात. त्या दिवशी तालुक्याला कशाला निघालीस, असे कोणी विचारत नाही.